लिसेन बाराओना यांनी पूर्ण केलेला कोर्स

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची. या गावात बोलण्याच्या लायकीचं कोणी उरलेलं नाही, त्यापेक्षा कागद बरा.

सकाळी जिल्ह्याच्या गावाहून, रियोबाम्बाहून, इंजिनियर यादिरा आल्या. आमच्या सान रोके गावच्या इंटरनेट केंद्राची तपासणी. आठ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक मी. बाईंनी माझी खुर्ची रुमालाने पुसली, बसल्या आणि म्हणाल्या, राजधानीतल्या, कीतोच्या साहेबांना आकडे हवेत. जगभरच्या विद्यापीठांचे कोर्स इंटरनेटवर फुकट पडलेत, ते लोकांनी करावेत म्हणून सरकार ही केंद्रं पोसतंय. तेव्हा पंधरा डिसेंबरपर्यंत सान रोकेच्या दहा माणसांनी प्रत्येकी एक कोर्स पूर्ण केलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर केंद्र बंद. कॉम्प्युटर दुसऱ्या गावाला.

मी म्हटलं, दहा कसले, चाळीस देतो. तर विचारतात, तुम्ही स्वतः किती केलेत? तेवीस कोर्सना नाव घातलंय, म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. छाप पडली असावी.

५ ऑगस्ट

केंद्राचं निरीक्षण केलं. किळस आली.

एक नंबरवर पोरं फुटबॉल बघतात. दोन नंबरवर डॉन आमाब्ले (डॉन म्हणजे आमच्याकडचं राव) लॉटरीचा निकाल बघतो आणि लागली नाही की स्क्रीनला शिव्या घालतो. सहा नंबरच्या मागे खोकं दिसलं. उघडलं तर आत कुईची पिल्लं! मशीनची ऊब मिळावी म्हणून कोणीतरी आणून ठेवलेली. आमच्याकडे स्वयंपाकघरात कुई, सणाला ताटात भाजलेला कुई, आता विज्ञानाच्या मागेही कुई. हे गिनीपिग खाऊन खाऊनच गावाची बुद्धी तेवढ्या आकाराची झाली आहे.

खोकं झोइलाबाईंचं निघालं. पाणी समितीच्या अध्यक्ष, त्यामुळे बोलायची सोय नाही. म्हणाल्या, लिसेन, रात्री थंडीने मरतात हो. त्यांचं चार नंबरचं मशीन वेगळंच. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्या की तिथे बसतात आणि मुर्सियातल्या मुलीशी बोलतात. पोरगी तिकडे स्पेनमध्ये लेट्यूस पॅक करते, सात वर्षांत आलेली नाही. मायलेकी बोलतात काय, तर काय शिजवलंस, किती थंडी आहे, कोंबडी दाखव. मग झोइलाबाई कोंबडी आणून कॅमेऱ्यापुढे धरतात. मानवजातीचं सगळं ज्ञान तारेच्या पलीकडे उभं आहे, आणि अलीकडे कोंबडी.

(लिसेन म्हणजे लिसेन्सियादो, पदवीधर. माझा प्रबंध तेवढा राहिलाय. पण लोक म्हणतात तर मी त्यांचा हिरमोड करत नाही.)

६ ऑगस्ट

योजना तयार. गावाला एक कोर्स मी निवडला: 'चिकित्सक विचारांची मूलतत्त्वं'. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा. इंग्रजीत आहे, खाली स्पॅनिश अक्षरं येतात. मीही सोबत करणार. पुढाऱ्याने पुढे असावं.

शिवाय स्वतःसाठी आणखी तीन कोर्सना नाव घातलं. एकूण सव्वीस. नाव घातलं की मनाला एक शिस्त येते.

११ ऑगस्ट

उद्घाटन. नार्सिसाने दुकानातून कॉफी आणि पाव दिला, म्हणून चौदा माणसं आली. बायको म्हणून तिचा एवढाच उपयोग.

व्हिडिओ लावला. प्रोफेसर आले, लगेच बोलायला लागले. झोइलाबाई कुजबुजल्या की यांनी कोणाला नमस्कार केला नाही. आमच्याकडे खोलीत शिरलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा, मग बसायचं. लोकांनी व्हिडिओ थांबवून आधी आपसात हात मिळवले. मी म्हटलं, अहो तो व्हिडिओ आहे. तर डॉन आमाब्ले म्हणतो, असेना, पण आम्ही माणसं आहोत ना. मग खालची अक्षरं इतकी भराभर पळाली की वाचेपर्यंत प्रोफेसर पुढच्या मुद्द्यावर. इंटरनेट अडकलं, प्रोफेसर तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. लोकांनी त्यांच्याकडे बघत कॉफी संपवली आणि घरी गेले.

गाढवाला गुळाची चव काय.

१७ ऑगस्ट

काल गावाच्या संताचा, सान रोकेचा उत्सव. बॅंड, फटाके, तीन दिवस गाव झिंगलेलं. शिक्षण ठप्प. मीही मिरवणुकीत होतो, पण केवळ निरीक्षणासाठी. डोकं दुखतंय.

२६ ऑगस्ट

वर्गात आज दोन माणसं. त्यातला एक डॉन आमाब्ले, तो पाऊस थांबेपर्यंत बसला होता.

माझं स्वतःचं उत्तम चाललंय. पहिल्या आठवड्याचा पहिला व्हिडिओ अर्ध्याहून जास्त पाहिला. दीडपट वेगाने लावला, म्हणजे पाऊण धरायला हरकत नाही. क्विझ दिलं. नापास. पुन्हा दिलं, नापास. प्रश्नच चुकीचे आहेत. फोरमवर जाऊन प्रोफेसरांना तसं सविस्तर कळवलं. त्या फोरमवर ऐंशी हजार विद्यार्थी आहेत, उत्तर यायला वेळ लागणार.

९ सप्टेंबर

या कोर्सात विद्यार्थीच एकमेकांचे निबंध तपासतात. फुकट म्हटल्यावर मास्तर कुठून आणणार. मी निबंध टाकला: 'माझ्या गावाचा अडाणीपणा: एक चिकित्सा'. बदल्यात तिघांचे तपासायला आले. तिघांनाही शून्य दिलं आणि प्रत्येकाला का ते दोन पानं लिहून कळवलं. कोणीतरी दर्जा राखायला हवा.

१२ सप्टेंबर

माझ्या निबंधाला दहापैकी दोन. तपासणारा कोणी ग्वादालाहाराचा. शेरा लिहिलाय: 'प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. रागावलेले आहात. पाणी प्या.'

कोर्स सोडला. दर्जाच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज झोइलाबाईंनी कॉल संपवला आणि माझ्या टेबलाशी आल्या. आधी नार्सिसाची तब्येत, मग माझी, मग पाऊस, मग मुद्दा. केंद्र बंद होणार ते खरं का? म्हटलं, दहा माणसांनी कोर्स केला नाही तर होणार. मग मी रविवारी कुठे जाऊ, म्हणाल्या. मी म्हटलं, गावाला जाग येईल तेव्हा प्रश्न सुटेल. त्या तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, कुई पाळण्याचा कोर्स असतो का, लिसेन?

मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवतात, खगोलशास्त्र शिकवतात. कुई नाही शिकवत.

२३ सप्टेंबर

झोइलाबाईंनी स्वतःच कोर्स शोधून काढला. स्पेनच्या विद्यापीठाचा. 'ससेपालन: आठ आठवड्यांत पायापासून'. स्पॅनिशमध्ये. शिकवणारी बाई पहिल्याच व्हिडिओत नमस्कार करते, हे त्यांना फार आवडलं.

म्हटलं, पण ते ससे आहेत. तर म्हणतात, कान सोडले तर काय फरक आहे.

शी! विद्यापीठंही आता सशांपर्यंत खाली आली.

२८ सप्टेंबर

कोर्सला नाव घालायला अकरा घरची माणसं आली. आता खरी गंमत. प्रत्येकाला स्वतःचं खातं हवं आणि खात्यासाठी मोबाइलवर कोड येतो. सान रोकेत मोबाइलला सिग्नल फक्त वर कब्रस्तानाच्या भिंतीपाशी. डॉन आमाब्ले मोबाइल घेऊन वर गेला, कोड आला, खाली धावत येईपर्यंत कोडची मुदत संपलेली. पुन्हा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेला तो परतलाच नाही, तिथे कबर खणणाऱ्याबरोबर पीत बसला होता.

शेवटी लोक म्हणाले, लिसेन, तुमचं खातं आहेच, त्यातच लावा. तात्पुरतं लावून दिलं. 'हे खातं मी एकटाच वापरीन' अशी काहीतरी अट होती, तिच्यावर टिक केलं. एवढं बारीक कोण वाचतं.

खाती वेगळी करायचा उपाय मला लगेच सुचला. शनिवारी सगळे रियोबाम्बाच्या बाजाराला जातातच. तिथे सिग्नल आहे. तिथल्या केंद्रात बसून एका तासात अकरा खाती उघडायची. इतकं सोपं आहे, म्हणूनच घाई नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गावसभा झाली. ऐकून शिसारी आली.

ठरलं की कोर्स मिंगाने करायचा! पाण्याचा चर साफ करायचा असो की शाळेचं छप्पर घालायचं, घरटी एक माणूस हजर, न येणाऱ्याच्या नावापुढे रेघ आणि दंड. आता तसंच सशांचं. प्रत्येक धडा एकेका घराकडे. त्या घराच्या माणसाने केंद्रात येऊन धडा बघायचा आणि रविवारी मिस्सानंतर बाकीच्यांना समजावून सांगायचा. न आल्यास चरातलं दुप्पट अंतर साफ करायचं.

मी उभं राहून सांगितलं की ज्ञान ही एकट्याची साधना आहे, ती चर खणण्यासारखी वाटून घेता येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली, माझे आभार मानले आणि हात वर करून ठराव मंजूर केला.

१४ ऑक्टोबर

चाललंय. बघवत नाही. आज एका घरची म्हातारी धडा बघायला आली, सोबत दोन सुना आणि ज्याचा प्रश्न होता तो कुई शालीखाली घालून. शिक्षिका बोलते तसं त्याला उलटंपालटं करून बघत होत्या. व्हिडिओ अडकला की त्या चिडत नाहीत, आतापर्यंतचं एकमेकींना सांगत बसतात. तोवर पुढचं येतं.

क्विझला तर सगळा गाव. पिंजऱ्यात हवा कशी खेळावी? हात वर करून मतदान. डॉन आमाब्ले विरोधात होता, त्याने अर्धा तास वाद घातला, शेवटी झोइलाबाईंनी त्याला आपल्या परसात नेऊन दाखवून आणलं. मग त्याने हात वर केला. उत्तर बरोबर आलं. हा योगायोग.

मी माझ्या टेबलावर 'वेळेचं नियोजन' हा कोर्स उघडला होता. त्याची मुदत परवाच संपली.

२० ऑक्टोबर

यादिराबाईंचा फोन, म्हणजे मी कब्रस्तानाशी असताना मिळाला तो. किती जण करताहेत? अकरा, म्हटलं. नावं पाठवा, म्हणाल्या. म्हटलं, सिग्नल जातोय. खरंच गेला असता थोड्या वेळाने.

२६ ऑक्टोबर, रविवार

झोइलाबाईंनी विचारलंच. "लिसेन, हे सगळं तुमच्या नावावर चाललंय. शेवटी आमची माणसं मोजतील ना?"

"झोइलाबाई," मी म्हटलं, "मी इथे कशाला बसलोय?"

त्यांचं समाधान झालं. मुलीलाही कॉलवर सांगितलं, लिसेन आहेत, काळजी नाही. लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. अडाणी असले तरी माणूस ओळखतात.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. घरोघरी जांभळी कोलादा, म्हणजे फळांचं दाट गरम पेय, आणि पावाच्या बाहुल्या. कोणाशीही खात्यांबद्दल बोलणं औचित्याला धरून नव्हतं. शिवाय पाच वाट्या कोलादा झाली.

ऐकतोय की गावात कुईची पिल्लं मरेनाशी झाली आहेत. लोकांनी त्यांना चुलीजवळच्या जमिनीवरून उचलून परसात फळ्यांच्या खणांत ठेवलंय, आजारी निराळे, माद्या निराळ्या. म्हणजे आता आणखी कुई. हे शिक्षणाचं फळ.

८ नोव्हेंबर, शनिवार

खात्यांचा दिवस. अकराही जण पहाटे बसथांब्यावर येणार असं ठरलं होतं, कारण मीच ठरवलं होतं. पण उठलो तर घशात खवखव. अशा हवेत बसने गेलो असतो तर गावाला मार्गदर्शक उरला नसता. नार्सिसा म्हणाली, ते वाट बघत असतील. म्हटलं, बस काय माझ्यासाठी थांबणार आहे.

दुपारी कळलं, त्यांनी एक बस सोडली, मग दुसरी सोडली, मग बटाट्याची पोती घेऊन गेले आणि विकून आले. झोइलाबाईंनी माझ्या घशासाठी पाल्याचा काढा पाठवला. कडू. फेकून दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रियोबाम्बात वीजकपात असेल असं वाटलं. गेलो नाही. नव्हती म्हणे.

२२ नोव्हेंबर

आता आठवडाच उरलाय कोर्सचा. अशा टप्प्यावर लोकांचं लक्ष खात्याबित्यांकडे वळवणं म्हणजे त्यांची एकाग्रता मोडणं. शिक्षणशास्त्रात हे चूक मानलं जातं. (तो कोर्सही मी घेतलाय. एकूण एकतीस.)

यादिराबाई समंजस आहेत. समजावून सांगता येईल.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. शेवटचं क्विझ. सगळं गाव उभं, बाहेरही माणसं. झोइलाबाईंनी बटण दाबलं. स्क्रीनवर रंगीत कागद उडाले आणि मधोमध नाव आलं:

गालो उल्पियानो बाराओना. ९६ टक्के.

काय सांगू. डोळ्यांत पाणी आलं. एकतीस कोर्स, आणि हा पहिला पूर्ण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मिठ्या मारल्या. त्यांचं पुढे काय ते विचारायला विसरले, एवढा आनंद होता.

शिक्का मारलेली प्रत हवी असेल तर एकोणपन्नास डॉलर भरा म्हणतात. फुकट शिक्षणात विकत मिळणारी वस्तू तेवढी तीच. साधी प्रत प्रिंटरवर काढली. ठीक दिसते.

३ डिसेंबर

शांतपणे विचार केला. कोर्स कोणी केला?

खातं माझं. मशीन मी सुरू केलं, रोज. वीज गेली तेव्हा जनरेटरची दोरी मी ओढली. खोलीत मी होतो, कानावर सगळं पडतच होतं, आणि शिकणं म्हणजे शेवटी कानावर पडणंच. बाकीच्यांनी एकेक तुकडा पाहिला. संपूर्ण कोर्सभर त्या खोलीत हजर असलेला माणूस एकच. मग कोर्स कोणी केला? मीच.

हे फार दिवस लक्षात आलं नव्हतं. नम्रपणा आड आला.

१५ डिसेंबर, सोमवार

आधी मनाला स्वच्छ करून मगच लिहितो.

यादिराबाई व्हॅन घेऊन आल्या. केंद्रात गाव जमलेलं, बायकांनी भाजलेला कुई, बटाटे, शेंगदाण्याचा रस्सा. बाईंनी कॉम्प्युटर उघडला आणि वाचलं: पूर्ण करणारी माणसं, एक. तीही केंद्रचालक.

मग झोइलाबाई म्हणाल्या, अकरा घरांनी केला, मिंगाने. यादिराबाईंनी डोकं धरलं. मशीनला मिंगा कळत नाही, म्हणाल्या. त्याला एक माणूस, एक खातं एवढंच कळतं. मग जे बोलल्या ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. की असं असेल तर अजून मार्ग आहे. व्हॅन बाहेर आहे, सगळ्यांना रियोबाम्बाला नेते, आजच प्रत्येकाचं खातं उघडू, प्रत्येकाने आपल्या नावाने परीक्षा द्यावी, साहेबांकडून आठवड्याची मुदत मी आणते. फक्त हा पहिला कागद रद्द करावा लागेल. खातं लोकांना वापरू दिल्याचं बाराओनांनी लिहून द्यावं लागेल.

मग माझ्याकडे वळल्या. "बाराओना, एकदा नीट सांगा. हा कोर्स कोणी केला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. झोइलाबाई तर हसतमुख.

रद्द! आयुष्यात एक कागद हातात आला, त्यावर माझं नाव, आणि तो रद्द. विद्येचा असा अपमान मी होऊ देणार नाही. तोही कशासाठी, कोंबडी कॅमेऱ्यापुढे धरता यावी म्हणून.

"मी केला," मी म्हटलं. "लोक सोबत बसायचे."

पाहुण्यांसमोर लिसेनला खोटं पाडायची आमच्याकडे रीत नाही. डॉन आमाब्लेने टोपी डोक्यावरून काढली आणि पुन्हा घातली. यादिराबाईंनी झोइलाबाईंकडे बघितलं.

"लिसेन म्हणतात," झोइलाबाई म्हणाल्या, "तर तसंच असेल."

मग सगळे जेवले. मला वाढायला कोणी विसरलं नाही. कुईचा चांगला तुकडा आला होता, पण तो ताटात तसाच ठेवला. तिखट जास्त होतं.

१९ डिसेंबर

ट्रक आला, कॉम्प्युटर गेले. लोकांनीच उचलून चढवले, घरटी एक माणूस. न सांगता मिंगा. या लोकांना कुठे काय करावं ते कळत नाही.

नार्सिसा चार दिवस बोललेली नाही. आज भांडी घासता घासता एवढंच म्हणाली की आपल्या घराच्या पाळीला मी जात होते. पाचवा धडा माझा होता. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं असेल.

२१ डिसेंबर, रविवार

मिस्सानंतर झोइलाबाई केंद्रापाशी आल्या. चांगली शाल, चांगली टोपी. कुलपाकडे बघत उभ्या राहिल्या. मग आठवलं असावं. गेल्या.

सवयीचे गुलाम.

मी खिडकीतून पाहिलं. दिवसभर काही खाल्लं नाही. मक्याचे दाणे कच्चे होते.

१२ जानेवारी

न्याय झाला! कचेरीचं बोलावणं. यादिराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, केंद्र गेलं म्हणजे तुमची जागाही गेली असती, पण सरकारी खात्यातली एक योजना आहे. वरच्या डोंगरातल्या पालो ब्लांको गावात लोकांना ससे वाटले आहेत आणि शिकवायला माणूस नाही. ससेपालनाचा कोर्स ९६ टक्क्यांनी पूर्ण केलेला माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच सापडला.

बघा. कागद रद्द होऊ दिला असता तर?

१५ जानेवारी, पालो ब्लांको

थंडी हाडात शिरते. खोलीला खिडकी नाही, दाराला फट आहे. इंटरनेट केंद्र नाही. सिग्नल मात्र माझ्या दारातच येतो. बारा ससे आणि त्यांच्याभोवती वीस बायका. पहिल्या दिवशी मी ज्ञानाच्या स्वरूपावर बोललो. बायकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, या मादीला किती चारा घालू? म्हटलं, ते आठव्या आठवड्यात येईल.

१८ जानेवारी

मोठी मादी खात नाही. पोट फुगलंय, दात करकरा वाजवते. जिची आहे ती बाई रडत नाही, पण सारखी माझ्याकडे बघते. लिसेन, काय करू?

म्हटलं, निरीक्षण चालू ठेवा.

खोलीत येऊन मोबाइलवर कोर्स उघडला. बरोबर धडा कुठला तो शोधायचा, पाच मिनिटांत काम. तर स्क्रीनवर आलं: 'अभिनंदन! तुम्ही हा कोर्स पूर्ण केला आहे. व्हिडिओ पुन्हा पाहण्यासाठी शुल्क भरा.' नव्या नावाने खातं उघडायला गेलो, तर ती तुकडी डिसेंबरातच बंद झालेली, नव्या तुकडीचा पहिला आठवडा मार्चात.

अशी ही खुली विद्या. ज्याने शिकायचं टाळलं त्याला सगळे दरवाजे उघडे, आणि ज्याने पूर्ण केलं त्याला कुलूप. हे लिहून कुठेतरी पाठवायला हवं.

संध्याकाळी

नार्सिसाला दुकानाच्या तारेच्या फोनवर लावला. फुगलेलं पोट, काय करायचं? ती म्हणाली तिचा धडा पाचवा, तो पिंजऱ्यांचा. आजारांचा धडा झोइलाबाईंच्या घरचा. त्या दुकानातच उभ्या होत्या, मीठ घ्यायला आलेल्या. फोन त्यांच्याकडे दिला.

त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. तिकडे थंडी फार का, जेवायला कोण करतं. मग मी सगळं सांगितलं: मादी, पोट, दात, ती बाई. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते तुम्हालाच माहीत, लिसेन," म्हणाल्या. "कोर्स तुम्ही केलात. आम्ही सोबत बसायचो."

मग देव तुमचं भलं करो म्हणाल्या आणि फोन नार्सिसाकडे दिला. नार्सिसाने ठेवून दिला.

दाराबाहेर ती बाई अजून बसली आहे, सशाला शालीत गुंडाळून. मी दिवा मालवला आहे, म्हणजे झोपलो असं तिला वाटेल.